पिक्चर संपला की डिस्क काढू नका: कॉमेंट्री आणि एक्स्ट्रा कसे ऐकायचे-बघायचे

मागच्या महिन्यात भाची राहायला आली होती, कॉलेजला आहे, कपाटातल्या डीव्हीडी बघून म्हणाली मावशी हे सगळं मोबाईलवर मिळतं की आता, कशाला ठेवल्यास एवढ्या. मी काही बोलले नाही, 'सिटिझन केन' या जुन्या अमेरिकन पिक्चरची डिस्क लावली आणि मधल्या एका सीनवर नेली. केन हा बडा वर्तमानपत्रवाला कंगाल झालाय, सगळं सही करून देऊन टाकायची वेळ आलीय, पुढे टेबलाशी एक जण कागद वाचतोय, मागे भिंतीत खिडक्या दिसतायत, आपल्या घरात असतात तेवढ्याच. काय दिसलं विचारलं तर म्हणाली ऑफिस. मग रिमोटवरचं ऑडिओ बटण दाबलं आणि तोच सीन परत लावला. आता पिक्चरचा आवाज बारीक झाला आणि त्यावर रॉजर इबर्ट हा अमेरिकन चित्रपट समीक्षक बोलायला लागला, या खिडक्यांकडे बघत राहा म्हणून. केन मागे चालत जातो, चालतच राहतो, लहान लहान होत जातो आणि भिंतीपाशी पोचतो तेव्हा कळतं की त्या खिडक्या अवाढव्य आहेत आणि त्यांच्याखाली हा एवढा मोठा माणूस शाळकरी पोरासारखा दिसतोय. माणूस किती खचलाय ते खिडकीच्या मापावरून सांगितलंय, संवादात त्याबद्दल एक शब्द नाही. भाचीने रिमोट माझ्या हातातून घेतला आणि सीन तीन वेळा मागे नेला.

तर हे त्या ऑडिओ बटणाबद्दल आहे, म्हणजे कॉमेंट्रीबद्दल, पिक्चर चालू असताना त्यावर कुणीतरी बोलत राहतं तो वेगळा ट्रॅक, आणि डिस्कवर पिक्चरबरोबर मिळणाऱ्या बाकीच्या एक्स्ट्राबद्दल. आमच्यासारख्या ज्यांना फिल्म स्कूलला जाता आलं नाही, नोकरी-घर सांभाळून पिक्चर बघतात, त्यांच्यासाठी कॉमेंट्री म्हणजे शेजारच्या खुर्चीत बसलेला जाणकार माणूस, आणि हा माणूस आपण म्हणू तेव्हा थांबतो, हवं तितक्या वेळा तेच परत सांगतो. पण बहुतेक जण एकदा लावून बघतात, पाच मिनिटांत कंटाळतात आणि परत त्या बटणाला हात लावत नाहीत. ती ऐकायची एक पद्धत आहे, मला ती जमायला बरीच वर्षं लागली, म्हणून सगळं एकदा लिहून ठेवतेय.

आधी हे आलं कुठून ते थोडक्यात, कारण त्यातून पुढचं समजायला सोपं जातं. १९८४ मध्ये अमेरिकेत क्रायटेरियन या नावाजलेले पिक्चर डिस्कवर काढणाऱ्या कंपनीने १९३३ चा 'किंग काँग' लेझरडिस्कवर काढला. लेझरडिस्क म्हणजे एलपी रेकॉर्डएवढी मोठी चकचकीत तबकडी, आपल्याकडे फारशी कुणी बघितलेली नाही. त्या तबकडीवर आवाजाचे दोन वेगळे ट्रॅक असायचे आणि 'किंग काँग' तर मोनो पिक्चर, त्याला एकच ट्रॅक पुरला, दुसरा रिकामा राहिला. त्या रिकाम्या ट्रॅकवर रोनाल्ड हेव्हर नावाच्या, लॉस एंजेलिसच्या म्युझियममध्ये फिल्म विभाग सांभाळणाऱ्या माणसाला बसवून पिक्चर चालू असताना बोलायला लावलं. ही पहिली कॉमेंट्री. पुढे डीव्हीडी आली, त्यात आवाजाचे आठ ट्रॅक आणि सबटायटलचे बत्तीस ट्रॅक बसतात, मग काय, ज्याला त्याला बोलावून रेकॉर्ड करायला लागले.

जागेचं म्हणाल तर कॉमेंट्रीला जागा लागतच नाही जवळपास. साधा स्टिरिओ ट्रॅक सेकंदाला १९२ किलोबिटचा धरला तर दोन तासांचे होतात साधारण १७० एमबी, आणि दोन लेयरची डीव्हीडी ८.५ जीबीची असते. म्हणजे दोन टक्के. जागा खातात ते मेकिंगचे व्हिडिओ, म्हणून ते दुसऱ्या डिस्कवर जातात, आणि म्हणूनच सेकंड हँड घेताना दुसरी डिस्क आत आहे का ते डबा उघडून बघायचं, कव्हरवर दोन लिहिलेलं असतं आणि आत एकच असते असं माझ्या बाबतीत दोनदा झालंय.

कव्हरची मागची बाजू वाचायला शिका

मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं तिथे थांबून वाचायचं. 'फीचर कॉमेंट्री' किंवा 'फुल लेंग्थ' असेल तर पूर्ण पिक्चरभर कुणीतरी बोलतंय, 'सिलेक्ट सीन' असेल तर पाचसात ठिकाणीच. पुढचं, कोण बोलतंय. मी तीन ढीग करते मनात. एक दिग्दर्शकाचा, दुसरा कॅमेरा-एडिटिंग-सेट-म्युझिकवाल्यांचा, तिसरा अभ्यासकाचा. नवीन माणसाने सुरुवात तिसऱ्यापासून करावी असं माझं ठाम मत आहे. लोक उलट करतात, आवडत्या हिरोची कॉमेंट्री आधी लावतात, आणि हिरो बिचारे बऱ्याचदा 'या दिवशी फार थंडी होती' यापलीकडे जात नाहीत कारण त्यांना तेवढंच आठवत असतं. अभ्यासक तयारी करून, कागद घेऊन बसलेला असतो, मिनिटामिनिटाला काहीतरी दाखवतो.

कुरोसावाचा जपानी पिक्चर 'सेव्हन सामुराय' घ्या. क्रायटेरियनने त्याच्या डीव्हीडीवर मायकल जेक याची जुनी लेझरडिस्कच्या काळातली कॉमेंट्री ठेवली आणि २००६ च्या नव्या आवृत्तीत तिच्याबरोबर अजून एक दिली, त्यात पाच अभ्यासकांनी पिक्चर वाटून घेतलाय, डोनाल्ड रिची आहे, टोनी रेन्स आहे, स्टीफन प्रिन्स आहे. पिक्चर २०७ मिनिटांचा. मी तो कॉमेंट्रीशिवाय चार वेळा बघितला होता आणि सुरुवातीला झोपडीतून चोर बाहेर येतो आणि कोसळतो ते स्लो मोशनमध्ये आहे हे मला 'दिसलं' होतं पण कळलं नव्हतं, म्हणजे चोर हळू पडतोय आणि बघणारे गावकरी मात्र नेहमीच्याच वेगात आहेत, एकात एक कापून लावलंय. कॉमेंट्री घेऊन बसले तेव्हा हात आपोआप पॉझवर गेला. त्यानंतर शेवटची पावसातली लढाई बघताना मी स्वतःहून शोधायला लागले की कॅमेरा कुठे कुठे असेल, कारण कुरोसावाने तिथे एकाच वेळी अनेक कॅमेरे लावले होते, लांबच्या लेन्सने घेतलंय, म्हणून घोडे आणि चिखल सगळं एकमेकांवर चढून आल्यासारखं दिसतं.

दिग्दर्शकांत सगळे वाईट असतात असं अजिबात नाही. 'द लिमी' या १९९९ च्या पिक्चरची डिस्क मिळाली तर सोडू नका, त्यात दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्ग आणि लेखक लेम डॉब्स दोघं एकत्र बसलेत आणि लेखक सरळ तोंडावर भांडतो की माझ्या स्क्रिप्टचं तू काय केलंस, कॅरेक्टरचा मागचा इतिहास का कापलास. स्क्रिप्ट लिहिणाऱ्या प्रत्येकाने ऐकावं असं आहे ते. कौतुकाच्या कॉमेंट्रीत एवढं शिकायला मिळत नाही जेवढं दोन हुशार माणसांच्या भांडणात मिळतं.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या एक्स्टेंडेड एडिशनवर प्रत्येक भागाला चार चार कॉमेंट्री आहेत, दिग्दर्शक-लेखकांची, डिझाईनवाल्यांची, प्रॉडक्शन-पोस्टवाल्यांची आणि नटांची. बोलणारे इतके आहेत की कोण बोलतंय त्याचं नाव स्क्रीनवर येतं. चारही ऐकायच्या भानगडीत पडू नका, डिझाईनवाल्यांची ऐका, चिलखत कसं केलं, दार कसं कोरलं, घराची उंची कशी ठरवली हे ऐकताना वेळ कसा जातो कळत नाही.

'फीचरेट', म्हणजे पिक्चरवरचा छोटा व्हिडिओ, असं लिहिलेलं असलं तर मिनिटं बघा. पाच-सात मिनिटांचं असेल तर बहुतेक वेळा ते रिलीजच्या वेळी टीव्ही चॅनलला द्यायला बनवलेलं असतं, सगळे एकमेकांना ग्रेट म्हणतात आणि मध्ये ट्रेलरचेच तुकडे. सोडून द्या.

रिजनची कटकट आधीच समजून घ्या

इथे पैसे वाया जातात म्हणून जरा सविस्तर. डीव्हीडीवर रिजन नंबर असतो, म्हणजे ती कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालणार त्याचा आकडा. भारत ५, अमेरिका १, युरोप आणि जपान २. ब्लू-रेचं वेगळं, तिथे अक्षरं आहेत, अमेरिका आणि जपान ए, युरोप-ऑस्ट्रेलिया बी, आणि भारत सी. फोर-के यूएचडी डिस्कला रिजनच नसतो, ती कुठलीही कुठेही चालते, फक्त तिच्यासोबत डब्यात येणारी साधी ब्लू-रे चालेलच असं नाही आणि नेमके एक्स्ट्रा बऱ्याचदा त्या साध्या ब्लू-रेवर असतात! हे लक्षात ठेवा.

आपल्याकडचे बरेच डीव्हीडी प्लेअर सगळे रिजन घेतात किंवा रिमोटवरून एक कोड मारला की घ्यायला लागतात. ब्लू-रे प्लेअर मात्र इतके सोपे नसतात, घेतानाच 'मल्टी रिजन' आहे का, ब्लू-रेसाठी पण आहे का, असं दोनदा विचारून घ्या, शक्य असेल तर ए रिजनची एक डिस्क सोबत घेऊन जा आणि दुकानातच लावून बघा. क्रायटेरियनच्या अमेरिकन ब्लू-रे ए रिजनला लॉक असतात.

कंप्युटरच्या डीव्हीडी ड्राइव्हबद्दल एक धोक्याची गोष्ट. त्यात रिजन बदलता येतो पण फक्त पाच वेळा, पाचव्या वेळी जो ठेवला तो कायमचा. विंडोज विचारते 'बदलू का' आणि आपण हो म्हणत जातो. माझा एक ड्राइव्ह असाच अमेरिकेच्या रिजनवर अडकला आणि मग घरातल्या रिजन ५ च्या डिस्क त्यात चालेनात. तेव्हापासून मी स्वस्तातले दोन यूएसबी ड्राइव्ह ठेवलेत, एक ५ वर आणि एक १ वर, वर मार्करने आकडे लिहिलेत, विषय संपला.

ज्यांचं कुणी अमेरिकेत आहे, आणि मराठी घरात कुणाचं ना कुणाचं न्यू जर्सी नाहीतर कॅलिफोर्नियात असतंच, त्यांनी हे करा. तिकडे बार्न्स अँड नोबल दुकानात वर्षातून दोनदा, जुलैत आणि नोव्हेंबरात, क्रायटेरियनच्या डिस्क निम्म्या किमतीला मिळतात. नोव्हेंबरात घेऊन ठेवायला सांगायचं, डिसेंबरात माणूस येतो तेव्हा बॅगेत येतात, डबे हलके असतात, कपड्यांच्या मधे ठेवले की फुटत नाहीत. तिकडे राहणाऱ्यांना अजून एक सोय आहे, क्रायटेरियन चॅनल २०१९ पासून सुरू आहे आणि त्यावर बऱ्याच पिक्चरबरोबर डिस्कवरचे एक्स्ट्रा आणि कॉमेंट्री पण असतात, पण ते अमेरिका आणि कॅनडापुरतंच आहे, इथून नाही लागत.

मुंबईत काळा घोड्याला ऱ्हिदम हाऊस होतं, तिथे उभं राहून मागची बाजू वाचण्यात माझे कितीतरी शनिवार गेलेत, ते २०१६ ला बंद झालं. आता जुन्या पुस्तकांच्या दुकानात, आणि लायब्ररी बंद होताना विक्रीला काढतात तिथे शोधावं लागतं. मिळतात मात्र, चिकाटी हवी.

लावायचं कसं

रिमोटवर ऑडिओ नावाचं बटण असतं, दाबत गेलं की ट्रॅक बदलत जातो. मेनूतून 'स्पेशल फीचर्स'मध्ये जाऊन पण लागते. कंप्युटरवर व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर असेल तर ऑडिओ मेनूत ऑडिओ ट्रॅक, किंवा कीबोर्डवर बी दाबा. तिथे नावं नीट येत नाहीत कधी कधी, सगळ्यांपुढे नुसतं इंग्लिश लिहिलेलं असतं, तर एकेक लावून ऐका, माणूस बोलताना ऐकू आला की तोच.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. कॉमेंट्री लावली की सबटायटल चालू करा. पिक्चरचा आवाज मागे गेलेला असतो, संवाद ऐकू येत नाहीत, मग आपलं लक्ष तुटतं आणि म्हणूनच लोक कंटाळतात. सबटायटल असले की डोळ्यांनी पिक्चर आणि कानांनी माणूस, दोन्ही चालतं. काही डिस्कवर खुद्द कॉमेंट्रीचे सबटायटल पण असतात, सबटायटलचं बटण शेवटपर्यंत दाबून बघा. माझ्यासारख्या मराठी मीडियमवाल्यांना फास्ट इंग्लिश, त्यात ब्रिटिश नाहीतर टेक्सासचे उच्चार, सुरुवातीला जड जातं, तेव्हा व्हीएलसीत प्लेबॅक मेनूत जाऊन स्पीड जरासा कमी करा, नव्वद टक्के वगैरे, आवाज भसाडा होत नाही आणि शब्द सुटे सुटे कळतात. यात कमीपणा काही नाही, मी अजूनही करते.

ऐकायचं कसं

पहिला नियम, पिक्चर आधी नुसता बघायचा. कधीच, कधीच पहिल्यांदा कॉमेंट्रीसकट बघू नका, तो पहिला अनुभव परत मिळत नाही. नुसता बघितला की मध्ये एक-दोन दिवस जाऊ द्या, डोक्यात काही प्रश्न तयार होऊ द्या. हे प्रश्न लिहून ठेवा, मी मोबाईलवर नाही वहीत लिहिते, 'जेवणाच्या सीनमध्ये आई का दिसत नाही', 'गाणं अर्ध्यात का तोडलं' असे साधेच. मग कॉमेंट्री लावायची. उत्तर मिळेल न मिळेल, पण प्रश्न घेऊन बसलं की कान उघडे असतात.

दुसरं, एका बैठकीत संपवायची नाही. वीस-पंचवीस मिनिटं, म्हणजे जेवणानंतर भांडी होईपर्यंत जेवढा वेळ मिळतो तेवढी. चॅप्टर नंबर लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी तिथून पुढे.

तिसरं, थांबवा. कॉमेंट्रीवाला जे दाखवतो ते पडद्यावरून दोन सेकंदांत निघून जातं, तो पुढच्या मुद्द्यावर गेलेला असतो. काही खास म्हणाला की पॉझ, मागे, आवाज मूळ ट्रॅकवर, तेवढा सीन नुसता बघा, मग परत कॉमेंट्री. ही सवय खुद्द इबर्टची. तो अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर गावच्या कॉन्फरन्समध्ये वर्षानुवर्षं एक पिक्चर घेऊन बसायचा, अंधारात कुणीही 'थांबा' ओरडायचं की पिक्चर थांबणार आणि त्या फ्रेमवर बोलणं होणार, दोन तासांचा पिक्चर कित्येक दिवस चालायचा. आम्ही चार मैत्रिणी महिन्यातून एका रविवारी हेच करतो, एकीच्या हॉलमध्ये, चहा आणि चिवडा ठेवून. मुंबईत प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायट्यांनी १९६८ पासून पिक्चर बघून त्यावर बोलायची सवय लावलीच आहे, फक्त तिथे बोलणं पिक्चर संपल्यावर होतं, इथे मध्येच.

कॉमेंट्रीत माणूस गप्प झाला तर पुढे पळवू नका. दिग्दर्शक बोलता बोलता अचानक स्वतःचाच सीन बघत राहतो तेव्हा समजा की हा त्याला जवळचा आहे. मी तिथे वहीत टाइम लिहून ठेवते.

एक्स्ट्राचं काय काय बघायचं

डिलीटेड सीन बघताना त्यावर पण कॉमेंट्रीचा पर्याय आहे का ते बघा, असेल तर तीच लावा. कापलेला सीन नुसता बघण्यात गंमत नाही, का कापला ते ऐकण्यात आहे, बहुतेक वेळा सीन चांगलाच असतो पण त्याने पिक्चरचा वेग मारलेला असतो, आणि एडिटिंग म्हणजे काय हे मला तिथून समजलं. 'आयसोलेटेड स्कोअर' असेल तर एकदा नुसतं म्युझिक लावून बघा, संवाद नाहीत फक्त वाद्यं, तेव्हा कळतं की किती सीनमध्ये म्युझिक मुळात नाहीच आहे.

आपल्याकडे कॉमेंट्री फार कमी झाल्या याची मला खंत आहे. एक काळ असा आला की मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना दिली आणि घराघरात पिक्चर पोचले, ते चांगलंच झालं, पण त्या किमतीत एक्स्ट्रा कुठून येणार. मराठी डिस्क माझ्याकडे पन्नासेक आहेत, बहुतेकांवर सीन सिलेक्शन आणि गाण्यांची यादी, बास.

पण 'लगान'वरची 'चले चलो' ही डॉक्युमेंटरी जरूर मिळवा. सत्यजित भटकळ यांनी केलीय, पुढे 'सत्यमेव जयते' आणि पानी फाउंडेशनमुळे आपण त्यांना ओळखायला लागलो तेच, वकिली सोडून ते त्या पिक्चरच्या प्रॉडक्शनमध्ये शिरले होते. त्यात कुणी कुणाला ग्रेट म्हणत बसत नाही, काम चालू असतानाची भुजची धूळ आहे, चिंता आहे. आशुतोष गोवारीकर यांची पाठ गेली तेव्हा ते सेटवर खाटेवर आडवे पडून मॉनिटर बघत डायरेक्शन करतायत हे त्यात दिसतं. हजारो गावकऱ्यांना मॅचच्या सीनसाठी आणायचं, बसवायचं, जेवायला घालायचं, हे बघून आपल्या गावच्या जत्रेची कमिटी आठवते. मी सांगेन की आधी ही बघा, मग परत 'लगान'ची मॅच बघा, मागच्या गर्दीतली माणसं वेगळी दिसतात.

मीरा नायर यांच्या 'मॉन्सून वेडिंग'च्या क्रायटेरियन डिस्कवर त्यांची स्वतःची कॉमेंट्री आहे आणि वर त्यांच्या जुन्या शॉर्ट फिल्म पण दिल्यात, त्यात 'द लाफिंग क्लब ऑफ इंडिया' ही मुंबईतल्या हास्यक्लबांवरची आहे, सकाळी बागेत हात वर करून हसणारे आपलेच काका-काकू. मूळ पिक्चरसाठी डिस्क घेतली आणि एक्स्ट्रामध्ये असा खजिना निघाला असं होतं ते हे.

आणि सत्यजित राय यांची अपू त्रयी. १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबला आग लागली आणि त्यात या पिक्चरच्या मूळ निगेटिव्ह जळाल्या. क्रायटेरियन, अमेरिकेतली अकॅडमी फिल्म अर्काइव्ह आणि इटलीत बोलोन्याची लॅब यांनी मिळून, जळक्या निगेटिव्हमधून वाचलं तेवढं आणि बाकीचं दुसऱ्या चांगल्या कॉप्यांवरून घेऊन, २०१५ मध्ये फोर-केमध्ये पुन्हा उभं केलं. त्या सेटवर शर्मिला टागोर आणि सौमित्र चॅटर्जी यांच्या मुलाखती आहेत, रिस्टोरेशनचं काम दाखवणारा व्हिडिओ पण आहे. तो बघायचा क्रम माझा असा, आधी 'पथेर पांचाली' हा पहिला भाग, मग रिस्टोरेशनचा व्हिडिओ, मग पिक्चरमधला कासफुलांचा सीन परत. काठ जळून वाकलेली ती पट्टी बघून आल्यावर पडद्यावर कासफुलं हलतात तेव्हा गळा दाटून येतो, काय सांगू.

डिस्क सांभाळायच्या तर आपल्या पावसाळ्यापासून सांभाळा. कोकण-मुंबईच्या दमटपणात आधी जातं ते आतलं छापील पुस्तक, पानं एकमेकांना चिकटतात, आणि त्या पुस्तकातले लेख म्हणजे अर्धा एक्स्ट्राच. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, डबे उभे ठेवा. डिस्क पुसायची तर मऊ सुती कापडाने मधून बाहेर सरळ, गोल गोल फिरवून कधीच नाही. आणि नवीन आवृत्ती आली म्हणून जुनी विकू नका, जुन्यावरची कॉमेंट्री नव्यावर असेलच असं नसतं, आधी दोन्हीची मागची बाजू शेजारी ठेवून वाचा.

मराठी पिक्चरची कॉमेंट्री आपणच करायची

हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. २००२ मध्ये इबर्टने एका लेखात सुचवलं होतं की लोकांनी घरबसल्या आपली कॉमेंट्री एमपीथ्रीमध्ये रेकॉर्ड करावी, ऐकणारा डिस्क लावेल आणि सोबत ही फाईल. मी ते मामांना घेऊन केलं. मामा तरुणपणी तंबू थेटरात मशीन चालवायचे, सांगली-साताऱ्याकडच्या जत्रांमधून. 'संत तुकाराम' लावला, प्रभातचा १९३६ चा.

तयारी काही मोठी नाही. पंखा बंद, खिडकी बंद, मोबाईल घडी केलेल्या टॉवेलवर त्यांच्या तोंडापासून वीतभर लांब, व्हॉइस रेकॉर्डर चालू. पिक्चरचा आवाज इअरफोनने एकाच कानात, म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये तो येत नाही आणि माणूस स्वतःचा आवाज पण ऐकू शकतो. सुरुवात जुळवायला एक खूण लागते. लोक सेन्सॉरचं सर्टिफिकेट धरतात पण ते प्रत्येक कॉपीत वेगळ्या वेळी येतं, काहीत नसतंच. प्रभातच्या पिक्चरला सोपं आहे, ती तुतारी फुंकणारी बाई दिसली आणि तुतारी तोंडाला लागली की 'आता' म्हणायचं. आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी परत एक खूण बोलून ठेवायची, 'आवली दारात आली', असं, म्हणजे ऐकणाऱ्याचं पुढेमागे झालं तर त्याला जुळवून घेता येतं.

हे पुढेमागे होणं कशामुळे, तर एनटीएससी आणि पाल या टीव्हीच्या दोन वेगळ्या पद्धती. पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमचा, पाल डिस्कवर तो २५ ने पळतो, चार टक्के फास्ट, म्हणून दोन तासांचा पिक्चर एकशे पंधरा मिनिटांत संपतो. एका प्रकारच्या कॉपीवर रेकॉर्ड केलं आणि ऐकणाऱ्याकडे दुसरी असली की पंचवीस मिनिटांत एक अख्खं मिनिट फरक पडतो. म्हणून फाईलच्या नावातच कुठली कॉपी आणि एकूण मिनिटं किती ते लिहायचं. आणि वाटायची ती फक्त आपल्या आवाजाची फाईल, पिक्चर नाही, पिक्चर ज्याचा त्याने आपला लावावा.

विचारायचं कसं, तर 'कसा वाटला पिक्चर' असं नाही. हाताने केलेल्या कामाचं विचारायचं. मी विचारलं मामा, मशीनवर हा पिक्चर चढवताना काय काय करायला लागायचं, आणि ते सुटले. मध्येच म्हणाले, "ते बघ, वर उजव्या कोपऱ्यात टिपका आला, दिसला?" मला नव्हता दिसला. मागे नेलं. एक छोटा गोल ठिपका, डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर गेला, सातआठ सेकंदांनी अजून एक. रीळ संपत आल्याची खूण ती, पहिला आला की दुसरं मशीन सुरू करायचं आणि दुसरा आला की त्याच्यावर उडी मारायची. "पन आमच्याकडं मशीन एकच. मंग टिपका दिसला की मी हाळी द्यायचो, बत्ती लावा. लोक शेंगा घ्यायला उठायचे." डिस्क जुन्या प्रिंटवरून काढलेली म्हणून तो ठिपका अजून तिथे आहे. इतकी वर्षं हा पिक्चर बघतेय आणि तंबूत कुठे कुठे उजेड व्हायचा ते आत्ता मला माहीत झालं.

शेवटी तुकोबा विमानात बसून जातात तिथे मामा बोलायचे थांबले. मी पण काही विचारलं नाही. रेकॉर्डिंगमध्ये जवळजवळ मिनिटभर नुसता घड्याळाचा आवाज आहे, मग ते हळूच म्हणतात, "इथं लोक उभं राहायचे. मीबी मशीनपाशी उभा राहायचो." तो तुकडा मी कापलेला नाही. फाईल तीन ठिकाणी ठेवलीय, मोबाईल, पेन ड्राइव्ह आणि भाचीच्या लॅपटॉपवर, आणि दिवाळीत प्रभातचाच 'माणूस' लावायचं ठरलंय, मामा आत्तापासून विचारतायत की इअरफोन चार्ज केलास का.